आतला वण

हरिपूरच्या पेवात धरणेंद्र चौगुले पडला तो १९४६च्या मार्च महिन्यात.

पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. कृष्णाकाठच्या त्या घट्ट मातीत हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. पण बंद पेवात हवा कोंडते, ती जीवघेणी असते. म्हणून पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. तो विझला नाही, तरच माणसानं उतरायचं.

त्या दिवशी कंदील विझला नव्हता. हमाल सिद्धू दोरावरून खाली उतरला होता आणि धरणेंद्र तोंडाशी वाकून त्याच्याशी बोलत होता. तेवढ्यात पायाखालची कड खचली. खाली पडता पडता त्याचं डोकं उजव्या बाजूनं काठाच्या दगडावर आपटलं. खाली हळदीचा ढीग होता म्हणून हातपाय वाचले. सिद्धूनं त्याला पाठीशी बांधून वर काढलं तेव्हा हळदीनं पिवळा झालेला त्याचा सदरा एका बाजूनं लाल होत चालला होता.

सांगलीच्या दवाखान्यात तेव्हा डॉक्टर अनंत सोमण होते. मूळचे साताऱ्याचे, नुकतेच लष्करातून परतलेले. डोक्याच्या जखमा त्यांनी लढाईत पुष्कळ पाहिल्या होत्या. कवटीचं आत दबलेलं हाड त्यांनी उचललं, तुकडे काढले, जखम शिवली. सहा दिवस धरणेंद्र बेशुद्ध होता. त्याची बायको त्रिशला उशाशी बसून णमोकार मंत्र म्हणत राहिली. वडील कल्लाप्पा आण्णा बाहेरच्या बाकावर बसून असायचे. सातव्या दिवशी सकाळी धरणेंद्रनं डोळे उघडले आणि विचारलं, "पेव झाकलं का रं?"

आण्णा रडायला लागले. सिद्धू हसतही होता आणि डोळेही पुसत होता.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी त्रिशलाला बाजूला बोलावलं.

"आता ते बरे आहेत. पण दोन वर्षं लक्ष ठेवा."

"कशावर?"

"डाव्या हातावर. मार उजवीकडे बसलाय, त्याचा परिणाम डाव्या अंगावर दिसतो. हात आपोआप उडायला लागला, बोटं थरथरली, तोंड वाकडं झालं, तर मला कळवा."

"पण जखम तर भरली की."

"वरची भरली," डॉक्टर म्हणाले. "आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही."

एवढं बोलून ते दुसऱ्या रोग्याकडे गेले. त्रिशलाच्या मनात मात्र ते दोन शब्द घर करून बसले, डावा हात.

तेव्हापासून ती त्या हाताकडे बघायला लागली. तो दाढी करताना आरसा डाव्या हातात धरायचा, तेव्हा ती दाराआड उभी राहायची. देवळात हात जोडले की दोन्ही तळवे सारखे स्थिर आहेत का ते बघायची. बाहेरून येऊन त्यानं चप्पल काढली की भिंतीला टेकवलेला हात तिच्या नजरेत असायचा. धरणेंद्रला ते कळायचं. एकदा तो म्हणाला, "अगं, माझ्या हाताला काय हळद लागली हाय का?" ती हसली आणि आत निघून गेली.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. काहीच झालं नाही. डॉक्टर सोमणांनी नोकरी सोडून साताऱ्यात स्वतःचा दवाखाना काढल्याचं कळलं. घरात आता लग्नाचं बोलणं चालू होतं. धरणेंद्रची धाकटी बहीण चंदनबाला, अठरा वर्षांची. फलटणच्या नानासो दोशींच्या मुलाशी तिचं जमलं होतं, माघात लग्न धरलं होतं. चंदनबाला सारखी त्रिशलाच्या मागेपुढे असायची. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे जे काय विचारायचं ते वहिनीला.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून त्रिशला घाईनं वाढत होती. धरणेंद्रनं डाव्या हातानं तांब्या उचलला. त्याचा अंगठा उडाला. एकदा, दोनदा. मग तर्जनी, मग मनगट. तांब्या कलंडला, पाणी पाटाखाली गेलं. धरणेंद्रनं हात पटकन मांडीखाली दाबला आणि तसाच बसून राहिला. वडील खाली मान घालून जेवत होते, त्यांनी पाहिलं नाही. थोड्या वेळानं त्यानं वर बघितलं. त्रिशला हातात भाताचं भांडं घेऊन उभी होती.

"मुंग्या आल्या," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "बसून बसून येत्यात."

दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं.

फेफरं हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. पण त्रिशलाला तो दिवसभर ऐकू यायचा. ज्या घरात फेफरं असतं तिथली मुलगी कोण करून घेतं? नानासोंना कळलं तर चंदनबालाचं लग्न मोडणार. आणि नाही सांगितलं, तर? तो सायकलवरून बाजारात जात होता. नदीवर पोहायला जात होता. माल विकायला काढायचा म्हणून पेवं उघडायची वेळ जवळ येत होती, आणि पुन्हा पेवात उतरल्याशिवाय लोक आपल्याला घाबरट म्हणतील असं तो हल्ली वरचेवर बोलून दाखवायचा.

पंधरा दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. शेवटी साताऱ्याची मावशी आजारी असल्याचं सांगून तिनं आण्णांची परवानगी घेतली. घरी कामाला असलेल्या म्हाताऱ्या अंबूबाईला सोबत घेतलं आणि ती रेल्वेत बसली. सातारा रोड स्टेशनवर उतरून मोटारीनं दोघी गावात पोचल्या.

डॉक्टर सोमणांचा दवाखाना राजपथापासून जवळच होता. त्यांनी तिला ओळखलं. ती बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "हात?"

तिनं मान हलवली आणि मग सगळं सांगितलं. अंगठा, तर्जनी, मनगट, तांब्या. डॉक्टरांनी दोनदा तेच विचारलं, आधी कुठलं बोट, मग कुठलं.

"डाक्टर, आत काय झालंय?"

"खरं सांगू की समजूत काढू?"

"खरं सांगा. समजूत काढणारे घरात लय हायेत."

त्यांनी कोपऱ्यातली सूक्ष्मदर्शकाची पेटी उघडली. यंत्र खिडकीशी ठेवून आरशानं उजेड धरला, काचेची एक पट्टी खाली सरकवली आणि तिला डोळा लावायला सांगितलं. सुरुवातीला तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग जांभळट करड्या रंगावर काळे ठिपके आणि त्यातून चहूकडे फुटलेले बारीक धागे दिसायला लागले.

"चांदण्यावानी हाय."

"आम्हीही तसंच म्हणतो. मेंदूत विचार करणाऱ्या, हात हलवणाऱ्या पेशी असतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या, पोसणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. आधार देणाऱ्या. ही पट्टी मार न बसलेल्या मेंदूची आहे. आता ही बघा."

दुसऱ्या पट्टीत धागे बारीक नव्हते. चांदण्या फुगल्या होत्या, गर्दी करून एकमेकींत गुंतल्या होत्या आणि सगळ्यांचे हात एकाच बाजूला वळले होते.

"मार बसला की आधी बारक्या पेशी येतात. त्या गोल होऊन मेलेलं सगळं उचलून नेतात. मग या चांदण्या फुगतात, वाढतात, जखमेभोवती दाट जाळं विणतात. बाहेरच्या कातडीवर वण धरतो, तसा आतला वण. त्यानं जखम बंद होते, माणूस वाचतो. पण जाळं कायमचं राहतं. त्याच्या कडेला ज्या चांगल्या पेशी उरतात, त्या मधूनच भडकतात. का भडकतात, ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही. वण आकसतो आणि त्यांना ओढतो, असं काहीजण म्हणतात. भडकल्या की हात उडतो. भडका पसरला की पूर्ण शरीर."

त्रिशलानं डोळा काढला नाही. "ह्या आपल्याच म्हणायच्या, का वैरी?"

"आपल्याच. त्यांनीच तुमच्या यजमानांना वाचवलंय."

"ही पट्टी कुणाची?"

"पाटणकडच्या एका शिपायाची. इटलीत डोक्याला तुकडा लागला. वरची जखम छान भरली होती. सात महिने माझ्याकडे होता."

"मग गेला कशानं?"

"झटके," ते म्हणाले. "एकामागून एक. थांबेचनात." आणि लगेच, "तसं सगळ्यांचं होत नाही, बाई. आता औषध आहे. तेव्हा उशीर झाला होता."

बाहेर ओट्यावर बसलेली अंबूबाई आत डोकावली आणि तिचा चेहरा पाहून पाणी आणायला धावली.

मग त्रिशलानं बाकीचं विचारलं. हे रक्तातून येतं का? नणंदेला होईल का? उद्या मूल झालं तर त्याला?

"नाही. दगडावर डोकं आपटल्यानं झालेलं आहे हे. बहिणीचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"लोकांना पटंल का?"

"अवघड आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी पांढऱ्या बारीक गोळ्यांची बाटली दिली. रोज, एकही दिवस न चुकता. मध्येच बंद केल्या तर झटका जोरात येईल. नदी नाही, सायकल नाही, उंचावर चढणं नाही, पेव तर नाहीच. झटका आला तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, नाकाला कांदा-चप्पल लावायची नाही, आणि थांबेपर्यंत जवळ बसायचं.

"गोळी दुधातनं दिली तर? त्यांना न सांगता?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांना कळलं पाहिजे. नाहीतर पेवात उतरायला तुम्ही कोणत्या तोंडानं नको म्हणणार?"

परतीच्या गाडीत ती वाक्यं जुळवत आली. आधी धरणेंद्रला सांगायचं, एकट्याला. मग दोघांनी मिळून आण्णांना. मग लग्नाचं काय ते आण्णा ठरवतील.

दुपारी सांगलीच्या घरी पोचली तर घरात चंदनबाला एकटीच होती. नवी साडी नेसून पोळ्यांची कणीक मळत होती. गाल लाल झाले होते.

"वैनी, बरं झालं आलीस. नानासो आल्यात फलटणास्नं, अचानक. घर बघितलं, आता माल बघायला समदी हरिपूरला गेल्यात. कालपास्नं पेव उघडून ठेवलंय. दादा सोता उतरणार हाय. तळातली हळद दाखवतो म्हणाला त्यास्नी."

त्रिशला आली तशी वळली. हातातलं गाठोडं तिथंच पडलं. कोपऱ्यावर टांगा मिळाला. हरिपूरचा रस्ता तसा जवळचाच, पण त्या दिवशी चिंचांची झाडं संपता संपेनात. तिनं टांगेवाल्याला दोनदा घाई केली.

पेवाच्या तोंडाशी सातआठ माणसं उभी होती. पांढऱ्या फेट्यातले नानासो छत्रीवर रेलून उभे होते. आण्णा त्यांना काही समजावून सांगत होते. सिद्धू दोर धरून होता आणि त्या दोराचं दुसरं टोक धरणेंद्रच्या कमरेला होतं. त्यानं सदरा काढून ठेवला होता.

पुरुषमाणसांत सून अशी आली म्हटल्यावर आण्णांच्या कपाळाला आठी पडली.

"आवं," ती धरणेंद्रला म्हणाली, "घरी चला. जरा काम हाय."

"आलीस व्हय? येतो की. एवढं बघून येतो."

"आत्ताच चला."

तो हसला. पण त्याची डावी मूठ घट्ट आवळलेली होती, इतकी की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिनं ती मूठ पाहिली. आज सकाळीच काहीतरी झालंय, हे तिच्या लक्षात आलं. तो काठावर बसला, पाय आत सोडले.

"त्यांस्नी सोडू नकोस, सिद्धू!" ती ओरडली. "त्यांस्नी झटके येत्यात. हाताला. डोक्यातनं येत्यात."

नानासोंनी छत्री सरळ धरली.

"काय बोलतीस, पोरी?" आण्णा म्हणाले. "कोण म्हणतंय?"

"मी बघितलंय. साताऱ्याच्या डाक्टरांनी सांगितलंय. खाली असताना आला तर वर येणार न्हाईत."

सगळे धरणेंद्रकडे बघत होते. त्यानं काहीतरी थट्टेचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग हळूहळू पाय बाहेर काढले आणि तिथंच मातीत बसला.

"खरं हाय, आण्णा," तो म्हणाला. "दसऱ्याच्याबी आधीपास्नं. तिलाबी ठावं हुतं. दोघंबी बोललो न्हाई."

सिद्धूनं पुढं होऊन त्याच्या कमरेची गाठ सोडली.

नानासो संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. वाईट बोलले नाहीत, जेवायला थांबले नाहीत एवढंच. आठ दिवसांनी पत्र आलं. मुलाचं लग्न इतक्यात करायचं नाही, असं त्यात होतं.

आण्णा त्रिशलाला एवढंच म्हणाले, "घरात सांगता आलं असतं."

"घरात सांगायला वेळ न्हवता, आण्णा."

चंदनबाला मात्र पूर्ण मुकी झाली. पाणी आणायची, भाकरी थापायची, पण वहिनीशी एक शब्द नाही. वाटी हवी असेल तर स्वतः उठून घ्यायची. लग्नासाठी घेतलेली साडी तिनं ट्रंकेच्या तळाशी घातली. त्रिशलानं एकदा समजावायचा प्रयत्न केला, हे रक्तातलं नाही, डॉक्टर म्हणाले. चंदनबाला उठून बाहेर गेली.

गोळ्या सुरू झाल्या तरी नवव्या दिवशी मोठा झटका आलाच. अंगणात, भर सकाळी. आधी अंगठा, मग हात, मग तोंड वाकडं झालं आणि धरणेंद्र आडवा झाला. आण्णांनी तो पहिल्यांदाच पाहिला. त्रिशलानं त्याला कुशीवर वळवलं, आण्णांनी आपला फेटा सोडून डोक्याखाली दिला. थांबल्यावर ते कितीतरी वेळ मुलाचा हात धरून बसले. त्या दिवसानंतर पेवाकडे ते स्वतः जायला लागले आणि धरणेंद्रला त्यांनी पेढीवर बसवलं.

पौषात नवराबायको साताऱ्याला गेले. धरणेंद्रनं डोळा लावून ती दुसरी पट्टी बराच वेळ पाहिली.

"हे काढून टाकता येत न्हाई?"

"मुंबईत असली ऑपरेशनं होतात," डॉक्टर म्हणाले. "पण चिरा दिला की तिथं पुन्हा वण धरतो. याच पेशी पुन्हा कामाला लागतात. आधी गोळ्यांनी भागतंय का बघू."

"म्हंजे त्या त्यांचं काम करणारच."

"करणारच."

त्यानं मान डोलावली. पण गोळ्यांनी त्याला गुंगी यायची. पेढीवर गिऱ्हाईक समोर असताना डोळे मिटायचे. लोक बघायचे. ते त्याला झटक्याहून जास्त झोंबायचं. त्रिशला रोज सकाळी त्याच्या तळहातावर गोळी ठेवायची आणि तो ती तोंडात टाकायचा. मार्च आला, एप्रिल गेला. तीन महिने काही झालं नाही, तरी तिची धास्ती कमी होईना. कुठं भांडं पडलं की ती हातातलं काम टाकून धावायची.

मे महिन्यात ती अंबूबाईबरोबर देवळात गेली होती. अष्टमीची पूजा लांबली. परत आली तर दार सताड उघडं. सोप्यात धरणेंद्र कुशीवर पडला होता, डोळे मिटलेले, श्वास जड. डोक्याखाली ट्रंकेच्या तळाशी गेलेली ती लग्नाची साडी घडी करून ठेवलेली. शेजारी चंदनबाला बसली होती. तिचे केस सुटले होते.

"कवा?" त्रिशलानं विचारलं.

"आत्ता. मी एकटी होते." सहा महिन्यांत ती पहिल्यांदा बोलत होती. "हात उडाला, मग पडला. मी हाका मारल्या. वैनी, संपतच न्हवतं. मला वाटलं, मेला."

त्रिशला खाली बसली. त्याच्या नाकापाशी हात धरला, नाडी पाहिली.

"तू कुशीवर केलंस?"

"तू आण्णांस्नी सांगत हुतीस तवा मी ऐकलेलं." तिनं भावाच्या डोक्याखालची घडी नीट केली. "तुला रोज असंच वाटतं? कवा येतोय, कवा येतोय?"

"रोज."

चंदनबालानं ओठ घट्ट मिटले. मग रडायला लागली, पण आवाज न करता, त्याची झोप मोडू नये म्हणून. त्रिशलानं तिचे सुटलेले केस मागे घेतले.

अर्ध्या तासानं धरणेंद्र जागा झाला. दोघींना शेजारी बघून त्याला आधी काही उमगेना.

"गोळी घेतली हुती का?" त्रिशलानं विचारलं.

तो छताकडे बघत राहिला. "चार दिस न्हाई. तोंडात ठेवायचो, मग परड्यात थुकायचो. म्हटलं, थांबलंय आता."

त्रिशलाच्या डोळ्यांत पाणी आलं. चंदनबालाच बोलली.

"उद्यापास्नं गोळी मी देणार, दादा. अन् गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं."

"मी काय लहान हाय?"

"दाखवायचं," ती म्हणाली, आणि बाटली आणायला आत गेली.